ठोकळ्याचा मागोवा

सुताराच्या दारात पडलेले लाकडाचे तुकडे मुलं कधीपासून उचलून नेत आली आहेत, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. ठोकळ्याचा लिहिलेला इतिहास सुरू होतो तो मोठ्या माणसांना त्याचा उपयोग सुचल्यापासून. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाचं बालशिक्षणावरचं पुस्तक १६९३ साली निघालं. फाशांवर अक्षरं चिकटवावीत आणि मुलांना खेळता खेळता वाचायला शिकवावं, असं त्याने त्यात सुचवलं. मुलाला वाटावं आपण खेळतोय, आणि मोठ्यांचं काम होऊन जावं. बाजारात मिळणारे अ-आ-इ किंवा ए-बी-सी रंगवलेले ठोकळे याच घराण्यातले. खेळ हे तिथे शिकवण्याचं निमित्त आहे.

मी शोधतोय ते दुसरं घराणं. ज्याच्यावर काहीही लिहिलेलं नाही, रंगवलेलं नाही, असा कोरा लाकडी ठोकळा. ‘खेळातून शिक्षण’ हे शब्द आता बहुतेक बालवाड्यांच्या फलकांवर असतात. पण खेळ कुणाचा आणि तो ठरवायचा कुणी, यावर दोनशे वर्षं वाद चालू आहे. तो वाद पुस्तकांइतकाच या ठोकळ्याच्या लांबी-रुंदीतही वाचता येतो.

या घराण्याचा मूळ पुरुष फ्रीडरिक फ्रोबेल. १७८२ साली जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगराळ भागात, ओबरवाइसबाख या गावी तो जन्मला. आई तो वर्षाचा व्हायच्या आतच गेली. वडील धर्मोपदेशक, कामात गढलेले. पोरका म्हणावा असाच तो वाढला, रानात रमला, आणि पुढे वनखात्याच्या कामाची उमेदवारीही त्याने केली. स्वित्झर्लंडमध्ये इव्हेर्दों इथे पेस्टालोझी या शिक्षणतज्ज्ञाच्या शाळेत त्याने १८०८ ते १८१० अशी दोन वर्षं काढली. पण ठोकळ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा मुक्काम त्यानंतरचा, बर्लिनचा. तिथे ख्रिस्तियान वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली खनिजसंग्रहालयात तो काम करत होता. स्फटिक हाताळताना, ते मोजताना, वर्गवारी लावताना त्याला वाटू लागलं की दगडाला आकार देणारा नियम आणि झाडाला, मुलाला वाढवणारा नियम एकच असला पाहिजे. मूल म्हणजे भरायचं रिकामं भांडं, ही समजूत त्याच्या मनातून तिथे कायमची गेली.

१८३७ साली ब्लांकेनबुर्ग या गावात त्याने लहान मुलांसाठी खेळसाहित्य करायला घेतलं, आणि १८४० साली तिथल्या आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. साहित्याच्या पेट्यांना तो ‘भेटी’ म्हणत असे. पहिल्या भेटीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरीत लाकडी गोल, घन आणि नळकांडं. तिसरीत दोन इंची घन, पण एक-एक इंचाच्या आठ घनांत कापलेला. चौथीतही तेवढाच घन, मात्र त्याचे तुकडे विटांसारखे चपटे: आठ विटा, प्रत्येक दोन इंच लांब, एक इंच रुंद, अर्धा इंच जाड. ही वीट लक्षात ठेवावी, पुढे ती दुसऱ्या खंडात भेटणार आहे. पाचव्या आणि सहाव्या भेटीत तुकडे वाढत जातात, तिरके काप येतात, खांब येतात.

पेटी उघडायची एक ठरलेली रीत होती. पेटी उलटी ठेवायची, सरकतं झाकण खालून ओढून काढायचं आणि पेटी अलगद वर उचलायची. टेबलावर अख्खा घन उभा राहतो. मुलाने आधी पूर्ण वस्तू पाहावी, मग तिचे भाग, मग त्या भागांतून पुन्हा पूर्ण काही. रचनाही तीन प्रकारच्या: खुर्ची, विहीर, घर यांसारखी रोजच्या जगण्यातली रूपं, मधल्या बिंदूभोवती फुलणारी सौंदर्याची रूपं, आणि अर्धा, पाव, आठवा भाग दाखवणारी ज्ञानाची रूपं. रचताना सगळे तुकडे वापरायचे, एकही बाजूला टाकायचा नाही. आणि झालेली रचना मोडायची नाही, एखाददुसरा तुकडा सरकवून तिचीच पुढची रचना करायची.

मला फ्रोबेलचं थोरपण यात दिसतं, की तीन-चार वर्षांच्या पोराचा खेळ हे त्याने आयुष्यभराचं अभ्यासाचं काम मानलं. त्या काळात एवढ्या लहान मुलांच्या शाळा बहुधा सांभाळण्याच्या किंवा पाठांतराच्या असत. त्याने मुलांच्या हाती अक्षर दिलं नाही, चित्र दिलं नाही, शुद्ध आकार दिला. पण पेटीवरचा हात त्याला काढून घेता आला नाही. विहिरीनंतर कोणती रचना येते, हे मुलाच्या आधी शिक्षिकेला ठाऊक असे. त्याच्या मागून आलेल्यांनी तर ही क्रमवारी आणखी घट्ट केली. चौकटी आखलेली टेबलं, प्रत्येकासमोर एकसारखी पेटी, आणि शिक्षिकेच्या सूचनेबरोबर सगळ्यांनी एकाच वेळी सरकवलेला तुकडा.

१८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. नास्तिकता आणि समाजवाद पसरवण्याचा आरोप होता, आणि त्यात फ्रोबेलची त्याच्या पुतण्याशी, कार्ल फ्रोबेलशी गल्लत झाली होती. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. १८६० साली बंदी उठली तोवर त्याच्या शिष्या आणि १८४८ च्या फसलेल्या क्रांतीनंतर देशोधडीला लागलेली कुटुंबं पेट्या घेऊन बाहेर पडली होती. अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन १८५६ साली विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला मार्गारेट शुर्झ यांनी आपल्या घरीच, जर्मन भाषेत सुरू केलं.

अमेरिकेत या कथेला फिलाडेल्फिया हे शहर पुन्हा पुन्हा लागतं. १८७६ च्या तिथल्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात फ्रोबेलच्या भेटी मांडल्या होत्या. फ्रँक लॉइड राइट या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या वास्तुरचनाकाराच्या आईने त्या तिथे पाहिल्या आणि मुलासाठी घेतल्या. त्या लाकडी आकारांचा स्पर्श बोटांत कायमचा राहिला, असं राइट म्हातारपणापर्यंत सांगत असे.

दहा वर्षांनी, १८८६ च्या मार्चमध्ये पंडिता रमाबाई त्याच शहरात आल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला हजर राहणं हे येण्याचं निमित्त. पण त्या जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या, आणि फ्रोबेलच्या पद्धतीचं रीतसर शिक्षण त्यांनी तिथे घेतलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदासदन उघडलं, आणि शिकून आणलेली ही पद्धत तिथे आणली. शारदासदन मुख्यतः तरुण विधवांसाठी होतं. आपल्याकडे फ्रोबेलची पद्धत एका स्त्रीने स्वतः शिकून, स्त्रियांच्या हाती देण्यासाठी आणली, ही गोष्ट रमाबाईंच्या मोठ्या चरित्रात एखाद्या ओळीत आटोपते. तिला याहून अधिक जागा मिळायला हवी. पोटापाण्याचा सन्मानाचा उद्योग आणि लहान मुलांना समजून घेण्याचं शास्त्र, दोन्ही त्या एकाच शिक्षणातून देऊ पाहत होत्या.

पेटीवरचा हात सैल झाला तोही एका वादातून. १८९५ साली मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल याने किंडरगार्टनच्या शिक्षिकांसमोर फ्रोबेलच्या पद्धतीवर कडक टीका केली. एवढे बारीक तुकडे एवढ्या लहान बोटांना झेपत नाहीत, या वयात मोठे स्नायू वाढत असतात, मुलांना सगळं अंग हलवू द्या, असं त्याचं म्हणणं होतं. बहुतेक शिक्षिका रागावून निघून गेल्या. थांबल्या त्या केंटकीच्या लुइव्हिल गावच्या ॲना ब्रायन आणि पॅटी स्मिथ हिल. ‘हॅपी बर्थडे’ची चाल ज्या बालगीतातून आली, ते हिल आणि तिची बहीण मिल्ड्रेड या दोघींनी आपल्या वर्गासाठी रचलं होतं. पुढे न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमध्ये शिकवताना हिलने ठोकळा मोठा केला. इतका मोठा, की मुलांनी चार-पाच जणांनी मिळून घर उभारावं आणि स्वतः आत शिरावं. टेबलावरचा ठोकळा जमिनीवर उतरला. मुलं बाकावरून उठली, गुडघ्यांवर आली, एकमेकांना हाका मारू लागली.

तरीही ज्या ठोकळ्यासाठी हा मागोवा घेतला, तो कॅरोलिन प्रॅटचा. जन्म १८६७, न्यूयॉर्क राज्यातल्या फेयेटव्हिल या खेड्यात. सतराव्या वर्षाच्या आसपास ती एकखोली शाळेत शिकवू लागली. १८९२ साली टीचर्स कॉलेजात किंडरगार्टनचं शिक्षण घ्यायला आली, आणि त्या ठरीव गोडव्याला कंटाळून सुतारकामाकडे वळली. स्वीडनला जाऊन तिथली हस्तकौशल्याची पद्धत शिकली, काही वर्षं फिलाडेल्फियात मुलींना सुतारकाम शिकवलं, मग न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत आली. तिथे तिने एका मित्राच्या सहा वर्षांच्या मुलाला खोलीभर रेल्वे उभारताना पाहिलं. ठोकळे, खेळणी, डबे, खोके, हाताला लागेल ते घेऊन. तो स्वतःशी बोलत होता, गाड्या सोडत होता, अडलं तर पुन्हा रचत होता. शाळा अशी असली पाहिजे, हे तिने तिथे ठरवलं. हिलच्या वर्गातले मोकळे ठोकळेही तिने पाहिले होते आणि त्यांचं ऋण ती मानत असे.

१९१४ साली ग्रेनिच व्हिलेजमध्ये तिने ‘प्ले स्कूल’ काढलं. मुलं कामगारांची होती, पुढे आसपासच्या चित्रकार-लेखकांचीही आली. आज ती शाळा ‘सिटी अँड कंट्री स्कूल’ म्हणून चालू आहे. प्रॅट स्वतः सुतार असल्यामुळे ठोकळा तिने सुताराच्या नजरेने ठरवला. मूळ एकक साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद, आणि जाडी रुंदीच्या बरोबर निम्मी. म्हणजे लांबी, रुंदी, जाडी यांचं प्रमाण चारास दोन, दोनास एक. फ्रोबेलच्या चौथ्या पेटीतली ती वीट दोन इंच, एक इंच, अर्धा इंच. हेच प्रमाण! प्रॅटने फ्रोबेलची रीत टाकली, पेटी टाकली, क्रमवारी टाकली, पण त्याची वीट तिच्या हातून पावणेतीनपट मोठी होऊन पुन्हा जन्मली. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत बोलकी नोंद वाटते. कारण त्या प्रमाणातच गणित आहे: दोन आडव्या रुंद्यांत एक लांबी मावते, दोन जाड्यांची एक रुंदी होते. एककाच्या दुप्पट लांबीचा ठोकळा, चौपट लांबीचा, अर्धा, उभा चिरलेला खांब, तिरका कापलेला त्रिकोण, कमानी. लांब ठोकळा संपला की मूल दोन छोटे जोडून काम भागवतं, आणि दोन अर्धे मिळून एक होतो हे त्याच्या हाताला आधी कळतं.

लाकूड मेपलचं, घट्ट आणि वजनदार. रंग नाही. रंग दिला की लाल ठोकळ्याचं छप्पर ठरून जातं. प्रॅटचा आग्रह असा की ठोकळ्याने काहीच सुचवू नये. तिच्या शाळेतली मुलं हडसनच्या धक्क्यावर जात, बोटींतून माल उतरताना पाहत, रेल्वेचं यार्ड पाहत, आणि परत येऊन वर्गाच्या जमिनीवर ते शहर उभं करत. रचताना अडत. बोटीतला कोळसा घरांपर्यंत जातो कसा? शिक्षिकेने उत्तर द्यायचं नाही. उद्या पुन्हा धक्क्यावर जाऊन विचारायचं. प्रश्न मुलाच्या कामातून आला पाहिजे, ही एवढी एक शिस्त शिक्षिकेला पाळायची असे, आणि ती फार अवघड आहे. प्रॅटने या ठोकळ्यांचं पेटंट घेतलं नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या आणि पुढे जगभरातल्या बालशाळांत त्याच मापाचे ठोकळे पोचले, बहुतेक ठिकाणी तिच्या नावाशिवाय.

ठोकळ्यांशी मूल नेमकं काय करतं, हे शांतपणे बसून पाहिलं ते प्रॅटची सहकारी हॅरिएट जॉन्सन हिने. १९१९ साली तिने अगदी लहान, दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी शिशुशाळा सुरू केली, आणि १९३३ साली तिचं ठोकळ्यांच्या रचनेवरचं छोटंसं पुस्तक आलं. तिला दिसलेले टप्पे आजही बालशिक्षणाच्या वर्गात शिकवतात. आधी मूल ठोकळे नुसते इकडून तिकडे वाहून नेतं. रचत काहीच नाही. मग एकावर एक किंवा एकापुढे एक लावतं, पुन्हा पुन्हा, तेच. मग एक दिवस दोन ठोकळ्यांत अंतर ठेवून वर तिसरा आडवा टाकायला बघतं: पूल. तो जमेपर्यंत कितीदा पडतो! ठोकळे फार जवळ, फार दूर, पुन्हा जवळ. त्यानंतर चार ठोकळ्यांनी जागा बंदिस्त करणं, मग नक्षी, मग रचनेला नाव देणं, आणि अखेर ठरवून घर, पूल, बंदर उभारणं. हे टप्पे कुणी शिकवलेले नव्हते. हे सगळं जॉन्सनला दिसलं, कारण वेळ भरपूर दिलेला होता आणि मध्ये कुणी बोलत नव्हतं.

दुसरी शाखा याच काळात इटलीत फुटली. रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडलं. त्यांचा गुलाबी मनोरा म्हणजे दहा घन, एका सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. मोठ्यावर लहान असा तो रचायचा. चुकला तर डोळ्यांना आपोआप दिसतं. शिक्षिकेने सांगावं लागत नाही. मोठ्यांचा हात इथे साहित्याच्या आतच जाऊन बसला आहे. मुलाला स्वातंत्र्य आहे ते काम निवडण्याचं आणि हवा तितका वेळ करण्याचं. त्या घनाची आगगाडी करण्याचं नाही. माँटेसरी याला खेळ म्हणतच नसत, काम म्हणत. त्यातली एकाग्रता खरी असते, हे ज्यांनी असा वर्ग पाहिला आहे त्यांना नाकारता येणार नाही.

आपल्याकडे आली ती मुख्यतः ही शाखा. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. माँटेसरींचं साहित्य त्यांनी घेतलं, पण त्यात गोष्टी आणल्या, नाटक आणलं, गाणी आणली. मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई मोडक राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्रमुखपदाची चांगली नोकरी सोडून भावनगरला त्यांच्याकडे आल्या. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार उभा केला. शहरातल्या मध्यमवर्गाने तो उचलून धरला.

ताराबाईंना मात्र तेवढ्याने समाधान नव्हतं. हे महाग साहित्य, ही चकचकीत फडताळं खेड्यातल्या मुलापर्यंत कधी पोचणार? १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ या शिक्षिका तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढची सगळी वर्षं याच कामात राहिल्या. त्याच वर्षी त्याच पट्ट्यात वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने उभे राहिले होते. ज्यांच्या आईबापांना स्वतःच्या दिवसावर हक्क नव्हता, त्यांच्या मुलांनी मोकळेपणी खेळावं म्हणून ताराबाई आणि अनुताई झटत होत्या.

बोर्डीत पहिल्यांदा बालवाडी एका जागी भरवली. दलित वस्तीतली मुलं तिथे येईनात. तेव्हा ताराबाई-अनुताईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग खेळ. साहित्य तिथलंच: शिंपले, खडे, बिया, पानं, माती, बांबूचे तुकडे. लहान-मोठं लावणं, सारखं-वेगळं निवडणं, मोजणं, हे माँटेसरींच्या पेट्यांतलं सगळं समुद्रकाठच्या शिंपल्यांवर होऊ लागलं. १९५७ साली हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांत गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा त्यांच्या मागे कुरणात गेली. मला या मागोव्यातलं हे सर्वांत धाडसाचं पाऊल वाटतं. प्रॅटने ठोकळ्याला पेटीतून सोडवलं. या दोघींनी खेळाला शाळेच्या इमारतीतून सोडवलं.

तरी एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. आपल्या या शाखेत निवडणं, जुळवणं, मोजणं भरपूर आलं. रचणं मागे राहिलं. चिंचोक्यांनी मूल मोजायला शिकतं, पण चिंचोक्यांचा पूल होत नाही. आणि जे प्रत्यक्ष कोसबाडला झालं त्यातलंही पुढे सगळं टिकलं नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, आणि बोर्डीच्या अंगणातलं अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. आज अशा सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. सेविकेच्या अंगावर पोषण आहार, वजनं, लसीकरण, गर्भवतींच्या नोंदी हे सगळं आहे, आणि खेळाला उरलेला वेळ मिळतो. शहरातल्या खासगी बालवाड्यांत पैसा आहे, पण तिथे तीन वर्षांच्या मुलाला ठिपक्यांवरून अक्षरं गिरवायला बसवतात, कारण पालकांना वहीत काहीतरी दिसायला हवं असतं. ठोकळे असतात, कपाटावर, रंगीत प्लास्टिकचे, पाहुण्यांना दिसतील असे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळावर आधारावा असं म्हटलं, आणि २०२३ साली ‘जादुई पिटारा’ नावाची खेळसाहित्याची पेटीही आली. पेटी आली याचा मला आनंद आहे. ती रोज उघडते का आणि किती वेळ उघडी राहते, यावर तिची किंमत ठरेल.

रचण्याची उणीव भरून काढायला परदेशी माल लागत नाही. गावच्या सुताराला माप द्यावं: १४ सेंटिमीटर लांब, ७ रुंद, साडेतीन जाड. प्रॅटचं एकक हेच, इंचातून सेंटिमीटरमध्ये आणलेलं. काही ठोकळे दुप्पट लांब, काही चौपट, काही अर्धे, काही तिरके कापलेले त्रिकोण. आंब्याचं लाकूडही चालेल, पण पुरतं वाळलेलं हवं, नाहीतर तुकडे वाकतात आणि पूल उभा राहत नाही. मापात फरक पडू द्यायचा नाही, कारण दोन अर्ध्यांचा एक झाला नाही तर सगळं गणितच बिघडतं. कडा आणि कोपरे पॉलिश पेपरने चांगले घासून घ्यावेत, रंग देऊ नये. आणि संख्या भरपूर हवी. वीस मुलांत तीसच ठोकळे असले तर भांडणं होतात, शहर होत नाही. जमिनीवर सपाट जागा, आणि दिवसातला सलग पाऊण तास. अपुरं राहिलेलं शहर दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवता आलं, तर फारच उत्तम.